गोव्याचे मीठ आणि लिस्बनचे राजकारण : 1878 चा जकात करार समजून घेताना

जुलै 2025 मध्ये भारत आणि ब्रिटन यांनी व्यापार करारावर सह्या केल्या, तेव्हापासून आयात शुल्क, मुक्त व्यापार, जकात संघ असे शब्द वर्तमानपत्रांतून सतत वाचायला मिळतात. त्यांतला ‘जकात संघ’ हा शब्द सर्वांत जास्त गोंधळात टाकतो. खुद्द ब्रिटनमध्ये युरोपीय महासंघातून बाहेर पडताना सर्वांत चिवट वाद झाला तो या संघात राहायचे की नाही यावरच, आणि उत्तर आयर्लंडच्या सीमेचे त्रांगडे त्यातूनच उभे राहिले. आपल्याकडे हा विषय परदेशातला समजला जातो. प्रत्यक्षात 1880 ते 1892 अशी बारा वर्षे गोवा, दमण आणि दीव हे पोर्तुगीज प्रदेश ब्रिटिश हिंदुस्थानाबरोबर एका जकात संघात होते. तो संघ कसा जुळला, त्याची किंमत कोणी मोजली आणि तो का मोडला, हे पाहिले तर आजच्या बातम्याही बऱ्याच उलगडतात.

जकात संघ म्हणजे काय, आणि तो मुक्त व्यापार करारापेक्षा वेगळा कसा

मुक्त व्यापार करारात दोन देश एकमेकांच्या मालावरची जकात कमी करतात किंवा काढून टाकतात, परंतु तिसऱ्या देशाच्या मालावर किती जकात लावायची हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. त्यामुळे दोघांमधल्या सीमेवर तपासणी सुरूच राहते, कारण आलेला माल खरोखर शेजाऱ्याने तयार केला आहे की तिसरीकडून आणून फक्त पुढे ढकलला आहे, हे पाहावे लागते.

जकात संघ याच्या एक पाऊल पुढे जातो. दोन्ही देश बाहेरच्या जगासाठी एकच दरपत्रक स्वीकारतात आणि मग आपापसांतली चौकी उठवतात. एकाच वाड्यात शेजारी राहणाऱ्या दोन बिऱ्हाडांनी मधली भिंत पाडावी आणि दिंडीदरवाजा सामाईक करावा, तसा हा प्रकार आहे. त्यानंतर आत-बाहेर करायला कोणाला अडवले जात नाही, पण दिंडीवर कोणाला सोडायचे आणि किती घेऊन सोडायचे हे एकाच नियमाने ठरते. दोन्ही बिऱ्हाडे सारखी असतील तर तो नियम दोघे मिळून करतात. एक बिऱ्हाड वीस जणांचे आणि दुसरे दोघांचे असेल, तर नियम कोणाचा चालणार हे सांगण्याची गरज नाही.

ब्रिटिशांना एवढ्याशा गोव्याची गरज का भासली

याचे एका शब्दात उत्तर द्यायचे तर मीठ. ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारला मिठावरच्या करातून त्या काळी वर्षाला साधारण सहा-सात कोटी रुपये मिळत होते, आणि जमीन महसूल व अफू यांच्या खालोखाल हा त्याचा मोठा आधार होता. परंतु मीठ ही अशी वस्तू आहे की ती किनाऱ्यावर जवळजवळ फुकट तयार होते आणि कर लागला की अचानक महाग होते. त्यामुळे जिथे कर आहे आणि जिथे नाही अशा दोन प्रदेशांच्या मधल्या रेषेवर चोरटा व्यापार आपोआप उगवतो. तो थांबवण्यासाठी ब्रिटिशांनी सिंधूपासून ओरिसापर्यंत सुमारे 4,000 किलोमीटर लांबीची अंतर्गत जकात रेषा उभारली होती आणि तिच्या मोठ्या भागावर काटेरी झुडपांचे जिवंत कुंपण वाढवले होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या कारकिर्दीत अर्थखाते सांभाळणाऱ्या जॉन स्ट्रेची यांनी ठरवले की हजारो शिपाई पोसून रेषा राखण्यापेक्षा सगळीकडे कराचे दर जवळ आणावेत आणि मीठ जिथे तयार होते तिथेच त्यावर ताबा मिळवावा. त्यानुसार मुंबई आणि मद्रास इलाख्यांतला कर वाढवून मणाला अडीच रुपये झाला, राजपुतान्यातल्या संस्थानांशी करार करून त्यांची मिठागरे भरपाईच्या मोबदल्यात ताब्यात घेतली गेली किंवा बंद केली गेली, आणि 1879 मध्ये ती रेषा उठली.

हा हिशेब पश्चिम किनाऱ्यावर मात्र चुकत होता. बारदेश, तिसवाडी आणि सासष्टीच्या मिठागरांत तयार होणारे गोव्याचे मीठ स्वस्त होते, आणि लमाणांचे तांडे ते बैलांवर लादून घाट चढून धारवाड-बेळगावच्या मुलखात नेत असत. ब्रिटिश हद्दीतला कर जसा वाढला तसा हा फरकही वाढला. शिवाय 1878 मध्येच मुंबई इलाख्यात नवा अबकारी कायदा झाला. अबकारी म्हणजे दारू आणि अमली पदार्थांवरचा कर. माडी आणि तिच्यापासून गाळलेली दारू गोव्यात आणि दमणमध्ये स्वस्त राहिली, तर रत्नागिरी, कारवार, ठाणे आणि सुरत या जिल्ह्यांत त्या कायद्याला अर्थ उरला नसता.

म्हणजे राजपूत संस्थानांना लावलेलाच साचा एका युरोपीय राज्याला लावायचा होता. फरक एवढाच की जयपूरच्या दरबाराला रेसिडेंटमार्फत, म्हणजे तिथल्या ब्रिटिश प्रतिनिधीमार्फत, निरोप धाडता येत असे, पोर्तुगालशी मात्र लिस्बनमध्ये बसून, दोन सार्वभौम राज्यकर्त्यांच्या नावाने तह करावा लागणार होता.

करारात काय लिहिले होते

26 डिसेंबर 1878 रोजी लिस्बनमध्ये या करारावर सह्या झाल्या. ब्रिटनच्या बाजूने वाटाघाटी केल्या तिथले ब्रिटिश राजदूत रॉबर्ट मोरियर यांनी, तर पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री होते जुआंव द आंद्रादे कोर्व्हो. 15 जानेवारी 1880 पासून करार बारा वर्षांच्या मुदतीने अमलात आला.

त्यातल्या मुख्य गोष्टी अशा. ब्रिटिश आणि पोर्तुगीज हिंदुस्थानातल्या जमिनीवरच्या सीमेवरील जकात रद्द झाली आणि गोव्याच्या बंदरांत ब्रिटिश हिंदुस्थानचे दरपत्रक लागू झाले. मीठ तयार करण्याचा आणि विकण्याचा एकाधिकार ब्रिटिशांकडे गेला. किती मीठ पिकवायचे आणि कोणती मिठागरे चालू ठेवायची हे तेच ठरवणार होते. गोव्यात ब्रिटिश धर्तीची अबकारी पद्धत आली. या सर्वांच्या बदल्यात ब्रिटिशांनी पोर्तुगीज सरकारला दरवर्षी 4 लाख रुपये द्यायचे होते. मुरगाव बंदर विकसित करून तिथून घाट चढून ब्रिटिश हद्दीपर्यंत रेल्वे बांधण्याचेही ठरले. नाणीही एकमेकांना जुळवून घेण्यात आली : 1881 पासून पोर्तुगालचा राजा लुईस याची मुद्रा असलेली गोव्याची रुपिया ब्रिटिशांच्या कलकत्त्याच्या टाकसाळीत पडू लागली, आणि तिचे सोळा तांगे म्हणजे आपल्या सोळा आण्यांचाच हिशेब होता.

कागदावर हा करार बरोबरीचा दिसतो. दोन्ही बाजूंच्या लोकांना व्यापाराची आणि ये-जा करण्याची मोकळीक होती. परंतु दरपत्रक ब्रिटिशांचे, मिठाचा ताबा ब्रिटिशांचा, अबकारीचा नमुना ब्रिटिशांचा आणि टाकसाळही ब्रिटिशांची. गोव्याने दिला तो निर्णयाचा अधिकार, आणि त्याच्या मोबदल्यात मिळाली ती ठरावीक रक्कम. असमान शेजाऱ्यांच्या जकात संघात नेहमी हाच सौदा होतो, आणि म्हणून अशा कराराचा मसुदा वाचताना जकात किती उतरली यापेक्षा पुढचा दर कोण ठरवणार हे कलम आधी शोधावे.

याचा प्रत्यय लगेच आला. 1882 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानने मीठ, दारू, शस्त्रे अशा मोजक्या वस्तू सोडून बहुतेक सर्व आयात मालावरची जकात काढून टाकली. यामागचा मोठा रेटा मँचेस्टरच्या कापड गिरण्यांचा होता, पणजीच्या व्यापाऱ्यांचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता. पण दरपत्रक सामाईक म्हटल्यावर संघ झाल्यानंतर दोनच वर्षांत त्यातली ‘जकात’ जवळजवळ संपली, आणि गोव्यापुरता विचार केला तर मागे उरले ते मीठ आणि दारू यांच्यावरचे नियंत्रण.

‘पण दरवर्षी चार लाख रुपये मिळत होते ना?’

मिळत होते, आणि गोव्याच्या आटलेल्या तिजोरीच्या मानाने ती रक्कम लहान नव्हती. परंतु तिचा दुसऱ्या बाजूने हिशेब मांडून पाहावा. मणाला अडीच रुपये या दराने 4 लाख रुपये म्हणजे केवळ 1 लाख 60 हजार मण मिठावरचा कर. ब्रिटिशांच्या एकूण मीठ उत्पन्नाच्या एका टक्क्याहूनही हा आकडा कमी भरतो. एवढ्या पैशांत त्यांनी संपूर्ण सीमेवरचा पहारा वाचवला आणि मुंबई-मद्रासच्या वाढीव कराला असलेले एक भगदाड बुजवले.

दुसरी गोष्ट म्हणजे ही भरपाई सरकारला मिळत होती. नुकसान झाले ते मिठागराच्या मालकाचे, तिथे राबणाऱ्या मजुराचे, मीठ वाहणाऱ्या होडीवाल्याचे आणि माडावर चढून माडी काढणाऱ्या रेंदेराचे. अनेक मिठागरे बंद पडली. जिथे मीठ पिकते तिथेच ते कर भरून, मोजून-मापून विकत घेण्याची वेळ लोकांवर आली. मासे खारवणाऱ्या किनाऱ्यावर महाग मिठाचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगायला नको. रेंदेराला प्रत्येक माडामागे कर आणि त्याचबरोबर परवान्याची यातायात आली. या वर्षांत गोव्यातून मुंबईकडे जाणाऱ्या माणसांचा ओघ वाढला आणि धोबीतलावच्या आसपास गावागावांच्या नावाने चालणारी कुडे, म्हणजे गोवेकरांची सामाईक निवासस्थाने, भरू लागली. त्या स्थलांतराची इतर कारणेही होती आणि ते आधीपासून सुरू होते, पण कराराने त्याला जोर दिला असे मानायला जागा आहे.

तिसरी बाब थोडी तांत्रिक आहे आणि म्हणून बहुधा नजरेतून सुटते. हे 4 लाख रुपये चांदीच्या रुपयांत ठरले होते. 1880 च्या सुमारास एका रुपयाला साधारण 20 पेन्स मिळत. चांदीचा भाव जगभर कोसळत गेल्याने करार संपेपर्यंत तोच रुपया 15-16 पेन्सवर आला. म्हणजे सुरुवातीला 33 हजार पौंडांच्या आसपास असलेली रक्कम शेवटी पंचवीस-सव्वीस हजारांवर घसरली, आणि हे सर्व कराराचे एक अक्षरही न बदलता घडले. ज्या सरकारला पौंडांत देणी भागवायची होती, त्याला ही घसरण बोचली असणार.

‘निदान रेल्वे तरी आली’

पौंडांतले देणे होते ते रेल्वेचेच. वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे ही कंपनी 1881 मध्ये लंडनमध्ये उभी राहिली, भांडवल इंग्लिश होते आणि त्यावरच्या व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारने दिली होती. हमी म्हणजे गाडीला उतारू आणि माल मिळो वा न मिळो, भागधारकांना ठरलेले व्याज सरकारने भरून द्यायचे. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या पहिल्या रेल्वे याच पद्धतीने बांधल्या गेल्या होत्या, पण तिथे तोटा सोसायला अवघा देश होता.

दूधसागरच्या धबधब्यासमोरून जाणारा घाट फोडून ही रेल्वे 1888 मध्ये ब्रिटिश हद्दीतल्या कॅसलरॉकला पोहोचली आणि तिथे सदर्न मराठा रेल्वेला जोडली गेली. 1876 ते 1878 च्या दुष्काळाने दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटक होरपळून निघाल्यावर त्या भागाला बंदराशी जोडणाऱ्या लोहमार्गाची निकड सर्वांनाच पटली होती, आणि मुरगाव हे पावसाळ्यातही उपयोगी पडू शकणारे उत्तम नैसर्गिक बंदर होते. या कल्पनेत चुकीचे काहीच नव्हते. यात मार बसला तो ब्रिटिश हद्दीतल्याच कारवारला : कापसाच्या व्यापारासाठी त्या बंदराला हुबळीशी रेल्वेने जोडण्याची स्वप्ने रंगवली जात होती, ती मुरगावची निवड झाल्यावर मागे पडली.

मात्र बारा वर्षांच्या करारातली आठ वर्षे रेल्वे पूर्ण होण्यातच गेली. जकातमुक्त सीमा आणि अखंड लोहमार्ग ही दोन्ही अंगे एकत्र चालली ती जेमतेम चार वर्षे. बंदराचा व्यापार वाढून व्याजाची हमी हलकी व्हावी, एवढा तो अवधी नव्हता.

लिस्बनमध्ये कोण कोणाशी भांडत होते

इथे शेजाऱ्याच्या घरातली फूट समोर येते आणि गोष्ट अधिक रोचक होते. मोरियर यांच्या डोक्यात गोव्याचा करार सुटा नव्हता. आफ्रिकेत लॉरेंसो मार्क्सचे बंदर, म्हणजे आजचे मापुतो, दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालशी रेल्वेने जोडावे, काँगो नदीच्या मुखाचा प्रश्न सोडवावा, आणि हिंदुस्थानात गोवा, असे तीन करार करून पोर्तुगालच्या वसाहती ब्रिटिश व्यापाराला खुल्या करायच्या व त्या बदल्यात पोर्तुगालला भांडवल आणि संरक्षण द्यायचे, ही त्यांची योजना होती. आंद्रादे कोर्व्हो यांनाही ती मनापासून पटलेली होती. पैसा नसलेल्या लहान राष्ट्राला वसाहती टिकवायच्या असतील तर त्या उघडाव्याच लागतील असे ते मानत, आणि माझ्या मते त्यांचे निदान चुकीचे नव्हते.

पण तेव्हा लिस्बनमध्ये रेजेनेरादोर आणि प्रोग्रेसिस्ता हे दोन राजनिष्ठ पक्ष आळीपाळीने सत्तेवर येत असत. विरोधी बाकांवरून सरकारला ‘इंग्रजांना विकले गेलेले’ म्हणायचे आणि सत्ता हाती येताच तेच धोरण थोडाफार बदल करून पुढे रेटायचे, ही दोघांचीही रीत होती. त्यांच्या बाहेर प्रजासत्ताकवाद्यांचा नवा गट वाढत होता आणि त्याला राष्ट्राभिमानाच्या प्रश्नांवर राजसत्तेला कोंडीत पकडायचे होते.

गोव्याचा करार यातून निसटला तो वेळेच्या जोरावर. रेजेनेरादोर सरकार भक्कम होते तोवर त्याला मंजुरी मिळाली. लॉरेंसो मार्क्सच्या करारावर 30 मे 1879 रोजी सह्या झाल्या आणि त्याच सुमारास ते सरकार पडले. ज्या प्रोग्रेसिस्तांनी विरोधात असताना त्यावर टीका केली होती, त्यांनाच तो संसदेत मंजूर करून घ्यावा लागला. दरम्यान 1880 च्या जूनमध्ये पोर्तुगीज महाकवी कामोंइश याच्या मृत्यूच्या त्रिशताब्दीचे सोहळे झाले आणि भूतकाळाच्या वैभवाची आठवण प्रजासत्ताकवाद्यांच्या प्रचाराला आयतीच मिळाली. मार्च 1881 मध्ये प्रतिनिधिगृहाने करार मंजूर केला, तेव्हा लिस्बनच्या रस्त्यांवर निदर्शने झाली आणि त्याच महिन्यात सरकार कोसळले. त्याच वेळी बोअरांशी, म्हणजे ट्रान्सवालमधल्या डच वंशाच्या वसाहतवाल्यांशी, झालेल्या युद्धातल्या पराभवामुळे ब्रिटनच्या हातून ट्रान्सवालही निसटत होता. ज्या प्रदेशासाठी रेल्वे बांधायची तोच राहिला नाही, म्हणून ब्रिटनलाही त्या कराराचे अगत्य उरले नाही. काँगोच्या करारावर फेब्रुवारी 1884 मध्ये सह्या झाल्या आणि काही महिन्यांत तोही सोडून द्यावा लागला. तिघांपैकी प्रत्यक्ष अमलात आला तो एकटा गोव्याचा.

गोव्यातल्या लोकांना कोणी विचारले?

गोव्यातून लिस्बनच्या संसदेत प्रतिनिधी निवडून जात, वृत्तपत्रे होती, पक्षही होते. त्या बाबतीत गोवा ब्रिटिश हिंदुस्थानच्या पुढेच होता. पण इथलेही राजकारण दुभंगलेले होते. मडगावचे ‘उ उल्त्रामार’ आणि ओर्लीचे ‘आ इंदिया पोर्तुगेझा’ ही पत्रे दोन प्रतिस्पर्धी गटांची मुखपत्रे होती आणि त्या गटांमागे ख्रिस्ती समाजातल्या बामण व चार्डो या जातींतली चुरस होती. हे वैर इतके विकोपाला गेले की 21 सप्टेंबर 1890 रोजी मडगावला निवडणुकीच्या वेळी सैनिकांनी जमावावर गोळीबार केला आणि माणसे मारली गेली. मतदानाचा हक्क मोजक्यांना होता. नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी नंतर जिंकलेल्या तालुक्यांतल्या, बहुसंख्य हिंदू रयतेचा आवाज या सगळ्यात जवळपास नव्हताच, आणि रेंदेर किंवा मिठागरावरचा मजूर कोणत्याच पक्षाच्या यादीत बसत नव्हता.

त्यामुळे ब्रिटिशांना गोव्यात ‘पलीकडची बाजू’ म्हणून एकजीव असे कोणी भेटलेच नाही. लिस्बनने सही केली, पणजीतल्या गव्हर्नरने अंमल केला आणि भुर्दंड पडला तो तिसऱ्याच लोकांवर. फुटलेल्या शेजाऱ्याशी करार करणे यामुळेच सोपे असते, आणि तो टिकवणे अवघड. सही मिळवायला एक मंत्री पुरतो. पण पुढे करारावर हल्ला झाला की त्याच्या बचावाला उभा राहील असा कोणी मागे उरत नाही.

मग 1892 मध्ये काय झाले

11 जानेवारी 1890 रोजी ब्रिटनने पोर्तुगालला आफ्रिकेच्या अंतर्भागातून सैन्य मागे घेण्याचे निर्वाणीचे पत्र दिले. पोर्तुगालने मान तुकवली, सरकार पडले आणि ब्रिटनविषयीचा संताप एवढा उसळला की पुढच्या वर्षी 31 जानेवारीला पोर्तो शहरात प्रजासत्ताकवाद्यांचे बंडही झाले. अशा वातावरणात ब्रिटनशी आणखी बारा वर्षांचा सौदा करण्याची हिंमत लिस्बनमधल्या कोणत्याच पक्षात नव्हती. ब्रिटिशांनाही आता पूर्वीची घाई नव्हती. रेल्वे झाली होती आणि ती चालवायची तर पोर्तुगीजांना घाटावरच्या मालाची गरज होतीच. जानेवारी 1892 मध्ये मुदत संपली आणि करार संपला. घाटातून येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीची तपासणी कुळे इथे पोर्तुगीज आणि कॅसलरॉकला ब्रिटिश जकात अधिकारी करू लागले.

हा गोव्याचा विजय होता का, असे विचारले जाऊ शकते. मिठागरे ब्रिटिशांच्या हुकमतीतून सुटली, हे खरे. परंतु त्या मिठाचे जुने गिऱ्हाईक घाटावर होते आणि मधल्या बारा वर्षांत सीमेपलीकडचा मिठाचा कर कुठेही गेला नव्हता. 1882 मध्ये मणाला दोन रुपयांवर उतरवलेला तो दर 1888 मध्ये पुन्हा अडीच रुपये झाला होता आणि 1903 पर्यंत तसाच राहणार होता. बारदेशातल्या मिठागरवाल्याला आता हवे तितके मीठ पिकवता येत होते, पण ते कॅसलरॉकच्या पलीकडे न्यायचे तर आधी तिथल्या चौकीवर मणामागे अडीच रुपये भरावे लागत होते.